गाळलेला समुद्र

चिरंजीव धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद, आणि मेहुण्यांना नमस्कार (तो त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून घ्यावा).

सगळ्यांच्या आधी आला तो दुभाष्या, आणि तोही मागच्या दाराने, एका बुटावर. दुसरा बूट आपल्या पायऱ्यांवरच्या शेवाळाने ठेवून घेतला होता. मी केस विंचरत होते, तोंडात दोन आकडे, आणि दारात हा गुडघ्यापर्यंत भिजलेला माणूस वाकून उभा. म्हणाला, ‘आजी, पाच देश येतायत, तासाभरात. केंद्रप्रमुख कुठे आहेत?’ आता आपल्या घरात प्रमुख कोण, यावर माझा आणि सुनेचा वाद अजून मिटलेला नाही, पण केंद्र म्हटल्यावर माझ्या ध्यानात आलं. मंडळाच्या कागदांवर केंद्रप्रमुख म्हणजे तुझे भाऊजी. ते जाऊन नऊ वर्षं झाली हे तुला ठाऊक, मला ठाऊक, धक्क्यावरच्या मांजरांना ठाऊक. मंडळाला तेवढं कळवायचं राहून गेलं. मी तोंडातले आकडे काढले आणि सांगितलं, ‘ते घरात नाहीत.’ यात खोटं काही नाही. मग त्याला तुझ्या भाऊजींच्या चपला दिल्या आणि शेगडीपाशी बसवलं. (मोठा गुणी माणूस. सात भाषा येतात, पण ओला मोजा कुठे वाळत घालू हे त्याला एकाही भाषेत विचारता येईना. शेवटी मीच ओढून काढला.)

पण आधी तुझी चौकशी करायला हवी, नाहीतर म्हणशील थोरली आपलंच गाणं गाते. कंबर कशी आहे? मी पाठवलेलं तेल लावतेस की कपाटात ठेवून त्याची राखण करतेस? मेहुण्यांनी नवीन दात बसवून घेतले असं ऐकलं. चावता येतं का, की नुसते हसण्यापुरते आहेत? इकडे सगळी खुशाल. लेक जहाजावर आहे, तीन महिन्यांनी येईल. सून धक्क्यावरच्या तिकिटाच्या खिडकीत बसते आणि तिथे लोकांशी जेवढं गोड बोलावं लागतं त्याची भरपाई घरी करते. तशी मनाने चांगली आहे. हे पत्र मी स्वतः लिहितेय, तिला सांगितलेलं नाही. का ते पुढे कळेल.

तर तू म्हणशील, पाच देशांचं आपल्या मोरीमागे काय काम? तुला दर वेळी सांगते आणि तू दर वेळी भाजी निवडत हं हं करतेस, म्हणून मुळापासून सांगते. आपल्या घरामागचा समुद्र एकट्या आपला नाही. एका ताटाभोवती पाच जण बसावेत तसे त्याच्या काठाने पाच देश बसलेत, आणि ताट कोणी घासायचं यावरून त्यांचं वाजायचं. शेवटी एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी करार केला. समुद्र सगळ्यांचा, तो सगळ्यांनी मिळून राखायचा, आणि राखला जातोय की नाही हे कळावं म्हणून प्रत्येकाने दर सोमवारी आपापल्या काठचं बाटलीभर पाणी पाचांनी मिळून नेमलेल्या मंडळाकडे पाठवायचं. आपल्या देशाची बाटली कुठे भरायची, तर आपल्या मागच्या पायरीवर. त्या काळी तुझे भाऊजी धक्क्यावरचा दिवा सांभाळायचे आणि त्या साहेबलोकांना सोमवारी सकाळी जागा असलेला हा एकच माणूस सापडला. त्याला एक जस्ताची बादली दिली, दोरी दिली, बाटल्यांची लाकडी पेटी दिली, आणि एक छापील तक्ता. पाण्याचा रंग, पाण्याचा वास, वर काय तरंगतंय, आणि खाली सही. पगार नाही. दर वर्षी एक कॅलेंडर यायचं, पाच भाषांतलं. त्यात पाचही देशांच्या सुट्ट्या असल्यामुळे वार शोधायलाच अर्धा वार जायचा.

बावीस वर्षं त्यांनी एक सोमवार चुकवला नाही. (लग्नाचा वाढदिवस बावीसही वेळा चुकवला, पण तो तक्त्यात नव्हता.) मग ते गेले. शनिवारी गेले, आणि सोमवारी सकाळी टपालाच्या लाँचचा भोंगा वाजला. घरभर माणसं, कोणी माझं डोकं चेपतंय, कोणी चहा पाजतंय, आणि भोंगा वाजतोय. मला वाटलं, आता पेटी रिकामी गेली तर हा माणूस बावीस वर्षांनी पहिल्यांदा चुकला असं होईल, आणि तेही त्याचा काही दोष नसताना. मी उठले, पायऱ्या उतरले, बादली सोडली. रडायचं होतं ते बाटलीला बूच लावून झाल्यावर रडले. त्यानंतरचे सगळे सोमवार माझे. सहीचं अवघड नव्हतं, ते एक आडवी रेघ ओढून दोन टिंबं द्यायचे. रंग, वास आणि तरंगणं या तिन्ही रकान्यांत मी ‘ठीक’ लिहिते, कारण लिहायला सोपं आणि कोणाला लागतही नाही.

दोन महिन्यांपूर्वी मंडळाचं पत्र आलं. सुनेने वाचून दाखवलं. मंडळाचा विचार असा की जुन्या केंद्रांवर आता पिवळे डबे सोडावेत, पाण्यात तरंगणारे, ते आपले आपणच सगळं मोजतात. आपल्या केंद्राचं काय करायचं ते केंद्रप्रमुखांना भेटून ठरवू. सून म्हणाली, ‘आई, येऊ दे डबा. तुम्ही त्या पायऱ्यांवरून घसरलात तर मला रजा मिळायची नाही.’ (हे तिचं प्रेम. ओळखायला शिकावं लागतं.) मी म्हटलं, डबा आला तर सोमवारी मी काय करू? ती म्हणाली, मंगळवारी करता तेच. तिला कसं सांगू? सोमवारी बादली खाली सोडते तेव्हा दोरीला जो हिसका बसतो ना, तो कोणीतरी खालून दिल्यासारखा वाटतो. असले हिसके डब्याला कळत नाहीत. तर मला एवढंच हवं होतं की डबा येऊ नये आणि बादली माझ्या हातून सुटू नये. बाकी पाच देशांनी आपापसात काय तो समुद्र वाटून घ्यावा.

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून घे आणि लगेच तोंड उघडू नकोस. त्या पहिल्या सोमवारी बादली वर आली तेव्हा मी आत पाहिलं. तुझे भाऊजी कधी बघायचे नाहीत, भरून मोकळे व्हायचे, पुरुषमाणूस. आत काय नव्हतं ते विचार. निळे-पिवळे प्लास्टिकचे दाणे, दोरीचे तुकडे, काळ्या डांबराच्या गोळ्या, कोणाच्या तरी शर्टाचं बटण, आणि वर तेलाचा तवंग. मला लाजच वाटली. आपल्या घरून पाणी जायचं ते पाच देशांत जायचं, आणि असं? शेजारणीकडे वाटीभर ताक पाठवायचं तरी आपण त्यातली काडी काढतो. मी आतून मलमलीचा फडका आणला, चारपदरी केला, पाणी गाळलं. तवंग तरीही राहिला, म्हणून ते तासभर निवळू दिलं आणि खालचं नितळ तेवढं अलगद बाटलीत घेतलं. लाँचवाला थांबला बिचारा, घरात माणूस गेलेलं, काय बोलणार. तेव्हापासून दर सोमवारी तसंच. नऊ वर्षं. त्यात काही चुकतंय असं मला कधी सुचलंही नाही. उलट वाटायचं, तिकडे कोणीतरी बाटली उघडून म्हणत असेल, काय निगुतीचं घर आहे.

आणि म्हणत होतेच. दुभाष्याने शेगडीपाशी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. म्हणे नऊ वर्षांपासून आपल्या काठचं पाणी असं काही सुधारलंय की मंडळाच्या कागदावर ती रेघ जिन्यासारखी वर चढते. त्यावर तीन जाड पुस्तकं छापली. एका देशाने म्हटलं हे आमच्या नव्या कायद्यामुळे, दुसऱ्याने म्हटलं आमच्या जहाजांच्या शिस्तीमुळे, मंडळावरच्या आपल्या देशाच्या साहेबांना तर बढतीच मिळाली. आणि आता पाचही देश मिळून आपल्या मागच्या पायरीवर दगडाचा फलक बसवायला येतायत, की समुद्र सुधारायला इथून सुरुवात झाली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. मी म्हटलं, तरी मी सुनेला सांगत होते, पाणी चांगलं दिसायला लागलंय. सून तेवढ्यात खिडकी बंद करून घरी आली होती. ती फडक्याकडे बघत होती, तो दोरीवर वाळत होता. मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं, की तिला सगळा उलगडा तेव्हाच झाला होता.

मग आले पाच देश. एक कोटवाले, इतका जाड कोट की आत दुसरा माणूस मावेल. एक खोकणारे. एक छत्रीवाले, घरातसुद्धा छत्री मिटून काखेत. चौथे आपले साहेब, घामाघूम. आणि पाचवी एक बाई, तिशीतली, मंडळाच्या प्रयोगशाळेत या सगळ्या बाटल्या उघडते ती. तिला मी बाटलीवाली म्हणते. पहिला तंटा बसण्यावरून. आपल्या टेबलाला बाजू चार आणि देश पाच. कोणी टोकाला बसेना, कोणी कोपऱ्यात बसेना, टोकाला बसला तो यजमान ठरतो म्हणे. अर्धा तास पाचही देश उभे. शेवटी मी टेबल भिंतीला लावून टाकलं आणि सगळ्यांना पलंगावर ओळीने बसवलं, फोटोला बसवतात तसं. पलंग मधे खचतो, त्यामुळे पाचही देश घरंगळत एकमेकांजवळ आले. साहेब मला हळूच म्हणाले, इतकं जवळ ते एकतीस वर्षांत बसले नव्हते.

दुसरा तंटा फलकावर आधी कोणाचं नाव, यावरून. तिसरा कचऱ्यावरून. खोकणारे म्हणाले, समुद्रातला कचरा उत्तरेकडून वाहत येतो. उत्तरेचे कोटवाले, ते म्हणाले, नद्या दक्षिणेला आहेत. छत्रीवाले म्हणाले, आमच्याकडे वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, त्यामुळे आमचा कचरा आमच्याकडेच राहतो. हे सगळं दुभाष्या मला सांगत होता, पण मोठा बेरकी. कोटवाले लालबुंद होऊन पाच मिनिटं बोलले, हात आपटले, छत्रीला लाथ मारली, आणि दुभाष्या म्हणाला, ‘यांचं मत थोडं वेगळं आहे.’ मला राहवेना. मी विचारलं, तुम्हा पाचांपैकी कोणाचाच नाही, तर मग समुद्राच्या मधोमध कोण राहतं? दुभाष्याने विचारलं. मग छत्रीवाले अगदी गंभीरपणे म्हणाले, मधोमध कोणी राहत नाही. म्हटलं, मग त्याच्यावरच घाला, तो काही पलंगावर बसायला यायचा नाही. बाटलीवाली पहिल्यांदा हसली.

चहा झाला, बिस्किटं झाली, उकडलेली अंडी झाली (छत्रीवाल्यांनी चार खाल्ली, त्यांचं मत मात्र थोडंही वेगळं नव्हतं), आणि बाटलीवाली म्हणाली, केंद्रप्रमुख येईपर्यंत पाणी कसं भरता ते दाखवाल का? मला काय, मी खूश. वार मंगळवार होता, म्हणजे आजच, पण पाहुण्यांसाठी सोमवार केला. पदर खोचला, पायऱ्या उतरले. पाचही देश वर कठड्याला ओळीने उभे. बादली सोडली, हिसका बसला, वर ओढली. आणि मग ज्या हाताने नऊ वर्षं केलं त्याच हाताने मी दोरीवरचा फडका घेतला, चारपदरी केला, दुसऱ्या बादलीवर ताणून बांधला, आणि पाच देशांच्या देखत समुद्र गाळला. अगदी ठसक्यात. एक थेंब बाहेर नाही. मग वर बघून म्हणाले, ‘आता तासभर निवळू द्यायचं.’

धाकटे, पुढे काय झालं ते ऐक. दुभाष्याला भाषांतर करायला काही नव्हतं तरी त्याचं तोंड उघडं. सुनेने कपाळाला हात लावला. खोकणाऱ्यांचा खोकला थांबला. बाटलीवाली दोन पायऱ्या खाली आली आणि अगदी हळू आवाजात तिने विचारलं, आजी, हे असं कधीपासून करता? मी काय, विचारलं त्याचं सरळ उत्तर दिलं. म्हटलं, ‘नऊ वर्षं झाली की, मालक वारले तेव्हापासून.’ एका वाक्यात दोन्ही. सून म्हणते, एवढी गुपितं एकदम सांगायला माणूस अशिक्षित असावा लागतो, शिकलेला निदान श्वास घेतो.

आपले साहेब आधी पांढरे झाले, मग लाल, मग आपल्या पायऱ्यांच्या शेवाळासारखे. त्यांची बढती त्या फडक्यावर टांगली होती गं. ते म्हणाले, उद्यापासून केंद्र बंद. बादली जमा करा, डबा येईल. माझ्या हातातली दोरी त्यांनी धरली. मी सोडेना, ते सोडेनात. साहेबमाणसाशी रस्सीखेच खेळायची वेळ या वयात येईल असं वाटलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, साहेब, घाण पाठवली नाही हा माझा गुन्हा का? ते म्हणाले, हो. आयुष्यभर घाण दिसू नये म्हणून झिजलो, आणि एवढ्या मोठ्या समुद्रावरचे हे साहेब म्हणतात की ती दाखवायला हवी होती. मला तेव्हा खरंच रडू आलं. फडक्याचं नाही, दोरीचं.

तेवढ्यात खोकणारे खोकले. मग दुभाष्याच्या कानात काहीतरी बोलले. दुभाष्या म्हणाला, यांच्याकडे बाटली भरायच्या आदल्या दिवशी काठावरचा कारखाना बंद ठेवतात. सगळे त्यांच्याकडे वळले. मग छत्रीवाले पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, आमच्याकडे बाटली बेटापलीकडे होडी नेऊन भरतात, तिकडचं पाणी निळं असतं. कोटवाले कोटाचं बटण काढघाल करत म्हणाले, आमच्या उन्हाळ्यातल्या बाटल्या वाटेत फुटतात. दर वर्षी? दर वर्षी. शेवटी बाटलीवालीनेही कबूल केलं, की तिच्या देशाची बाटली तीच भरते आणि पाऊस असला की मंगळवारी जाऊन सोमवार लिहिते. म्हणजे बघ, पाच घरांतून पाच जणांनी पाहुण्यांसमोर ठेवतात तसं आपलं चांगलं चांगलं पाणी पाठवलं, आणि तिकडे त्याची बेरीज करून समुद्र सुधारला. मग पाच देशांनी तिथेच पायरीवर उभ्या उभ्या ठराव केला, एकमताने, की यातलं काही कुठे लिहायचं नाही. साहेब म्हणाले, एकतीस वर्षांतला हा पहिला एकमताचा ठराव. दोरी मात्र त्यांनी सोडली नाही.

मग बाटलीवालीने तो प्रश्न विचारला. म्हणाली, फडक्यात जे राहायचं ते तुम्ही काय करायचात? समुद्रात परत टाकायचात? मी जरा चिडलेच. म्हटलं, समुद्र पाच जणांच्या मालकीचा, त्यात मी एकटीने कचरा कसा टाकणार, कोणाला विचारून? ती म्हणाली, मग? मग काय, ठेवलंय. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे, मी दोऱ्याचं रिकामं रीळ टाकत नाही. दर सोमवारचं फडक्यातलं झटकून, वाळवून काचेच्या बरणीत घालते, त्यावर एक गोल कागद, कागदावर तारीख, मग पुढचा सोमवार. एका वर्षाची एक बरणी. मागच्या खोलीत फळीवर आहेत. कधी काही लागलं तर असावं.

धाकटे, ती मुलगी मागच्या खोलीत जमिनीवर फतकल मारून बसली आणि उठेचना. डोळ्याला भिंग लावून पहिली बरणी उजेडात फिरवत राहिली. मग मला जवळ बसवून म्हणाली, आजी, तुमच्या बाटलीच्या बुचावरच्या दोऱ्याची गाठ नऊ वर्षांपूर्वी बदलली ते मला कळलं होतं. आधी पुरुषाची गाठ असायची, मग बाईची यायला लागली. पण कोणाला विचारणार? तक्त्यात गाठीचा रकाना नाही. मला त्या मुलीचा इतका लळा लागला की मी तिला पाचवं अंडं सोलून दिलं.

बाकीचे दारात उभे. ती एकेका थरावर बोट ठेवून सांगत होती. हे निळे दाणे, ही काळी डांबराची गोळी, ती जहाज धुतल्याची, हा दोर जाळ्याचा, हा अमुक वर्षाचा, हा तमुक महिन्याचा. आधी सगळे म्हणाले, आमचं नाही. कोटवाले तर दारातूनच मागे सरकले. मग ती उभी राहिली आणि म्हणाली, आजी सांगतात तशी नऊ वर्षं, एकही सोमवार न चुकता, फडक्यात आलेलं सगळं राखून ठेवलेलं, असं पाचांपैकी कोणाकडेही नाही. बाटल्यांतलं पाणी विसरा. खरा समुद्र या फळीवर आहे. याच्यावर मोठा ग्रंथ होईल, आणि ज्या देशाकडे या बरण्या राहतील त्याचं नाव पहिल्या पानावर येईल. झालं. खोकणारे दोन पावलं पुढे आले आणि म्हणाले, ते निळे दाणे आमच्याच कारखान्याचे आहेत, मला खूण पटली, तेव्हा बरणी आमची. छत्रीवाले म्हणाले, दोर शंभर टक्के आमचा. कोटवाल्यांनी डांबरावर हक्क सांगितला. घटकाभरापूर्वी ज्या घाणीला कोणी बाप नव्हता, तिच्यासाठी आता पाच बाप भांडत होते. दुभाष्या एका कोपऱ्यात माझ्याकडे बघून नुसता मान हलवत होता.

शेवटी असं ठरलं. बरण्या सध्या कोणी न्यायच्या नाहीत. पाचही देश परत येतील, प्रत्येकाचं कुलूप लावलेली पेटी आणतील (एका पेटीला पाच कुलपं, म्हणजे ती कधीच उघडायची नाही, पण ते त्यांचं ते बघतील), पाचांसमोर बरण्या मोजून तारखा तपासायच्या. नऊच्या नऊ वर्षं सलग निघाली तर डबा रद्द. मग बादली माझ्याकडे, माझ्या नावाने, कागदावर माझी सही, आणि दर सोमवारी दोन बाटल्या, एक जशी आहे तशी आणि एक गाळलेली. मधे खंड निघाला तर मात्र आपल्या साहेबांचं ऐकायचं आणि डबा बसवायचा. साहेबांनी मला विचारलं, ‘नऊच्या नऊ आहेत ना?’ मी म्हटलं, आहेत. मग त्यांनी दोरी सोडली. फलक इथेच ठेवून गेलेत, भिंतीकडे तोंड करून. त्यावर काय लिहायचं ते आता नव्याने ठरणार. सून म्हणते, तोवर त्यावर पोळपाट ठेवायला बरा आहे. दुभाष्या जाताना तुझ्या भाऊजींच्या चपला घालून गेला. मी जाऊ दिल्या. बाहेरदेशी फिरायची त्यांना फार हौस होती, त्यांच्या नाही तर चपलांच्या नशिबी.

तर अशी सगळी हकीकत. माझ्या आनंदाला पार नाही. सगळ्यांना आशीर्वाद. तेल लाव.

तुझी,
थोरली

ता. क. – हे सगळं तू कोणाला सांगू नकोस, कारण लिहायचं नाही असा पाच देशांचा ठराव आहे. मी लिहिलं ते वेगळं. मी देश नाही.

ता. क. दुसरं – आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. साहेबांना मी ‘आहेत’ म्हटलं, कुठे आहेत ते त्यांनी विचारलं नाही. फळीवर सात आहेत. तिसऱ्या आणि सहाव्या वर्षाच्या बरण्या गेल्या वर्षी तू राहायला आली होतीस तेव्हा तुझ्यासोबत गेल्या. तू म्हणालीस, काय सुंदर रंगीत खडे आहेत, आमच्या सोनेरी माशांच्या टाकीत तळाला घालते, आणि मी भोळसटासारखी म्हटलं, ने. तेव्हा त्यांची किंमत मला तरी कुठे ठाऊक होती? तर आता मेहुण्यांना सांगून मासे तेवढे बाजूला काढ (त्यांना घागरीत ठेव, मरायचे नाहीत), आणि तळातलं सगळं, अगदी बटणासकट, दोन बरण्यांत भरून मेहुण्यांच्या हाती लगेच पाठव. तारखांचे गोल कागद टाकून दिले नसशील तर तेही. थर मोडलेत हे मला कळतं. मी ते आठवणीने लावून ठेवू शकते, कोणाला समजायचं नाही. पण काल-परवापर्यंत लावले असते, आता नाही लावायची. त्या मुलीला सांगेन की ही दोन वर्षं बहिणीच्या माशांनी सांभाळली, पण सांभाळली. ती याला खंड म्हणते की नाही ते तिच्यावर. म्हणाली तर डबा येईल, मी बघत बसेन.

ता. क. तिसरं – टाकीत घालण्यापूर्वी तू ते साबणाने धुतलंस का, हे मला खरं खरं कळव. तू धुतलं असशीलच, आपल्या आईने आपल्याला तसंच वाढवलं. धुतलं असेल तर चिठ्ठीवर तसं लिही आणि बरणीला बांध. ओलं असलं तरी तसंच घाल, कृपा करून गाळू नकोस. पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी येणार आहेत, सकाळी दहाच्या लाँचने, पाचही जण.